अर्ध्या सेंटाचा वाटा : अमेरिकेच्या पहिल्या पीक-अनुदानाची आणि पॉइन्सेट काउंटीची कहाणी

१/
१९३४ च्या जुलैमधील एक सायंकाळ. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील पॉइन्सेट काउंटीत, टायरोन्झा या लहानशा गावाजवळच्या शाळेत अठरा पुरुष जमले. अकरा गोरे, सात कृष्णवर्णीय. त्या काळी त्या प्रदेशात या दोन वर्णांची माणसे एका खोलीत बसून सल्लामसलत करणे हेच मोठे धाडस होते. त्यांना एकत्र आणले होते एका सरकारी अनुदानाने, किंबहुना त्या अनुदानाच्या वाटणीने. शेतकऱ्याला तारण्यासाठी निघालेला पैसा शेत कसणाऱ्याच्या घरावर नांगर कसा फिरवून गेला, त्याचा हा इतिहास.

२/
प्रथम भूमी समजून घ्यावी लागेल. आर्कान्साचा ईशान्य भाग म्हणजे सेंट फ्रान्सिस नदीचे खोरे. १८११-१२ च्या न्यू मॅड्रिड भूकंपांत येथील जमिनीचे मोठे पट्टे खचले आणि दलदल माजली. विसाव्या शतकाच्या आरंभी लाकूड कंपन्यांनी येथील अरण्य तोडले, पाण्याचा निचरा करण्यासाठी कालवे खोदले गेले आणि खालची काळी गाळाची माती उघडी पडली. पाहता पाहता तेथे कापसाचे विशाल मळे उभे राहिले. जमीन नवी होती, परंतु तिच्यावरील व्यवस्था जुन्या दक्षिणेचीच होती.

३/
त्या व्यवस्थेचे नाव वाटेकरी पद्धत. जमीन, खेचरे, अवजारे, बियाणे आणि राहायला लाकडी खोपट मालकाचे. श्रम वाटेकऱ्याच्या संपूर्ण कुटुंबाचे. पीक निघाले की निम्मे मालकाचे, निम्मे वाटेकऱ्याचे. मात्र हंगामभर पीठ, डुकराचे मांस, कापडचोपड हे सारे मालकाच्या दुकानातून उधारीवर यायचे आणि त्यावर जबर व्याज चढायचे. हिशेबाची वही मालकाकडे असे. वर्षाअखेरीस वजावट झाल्यावर वाटेकऱ्याच्या हाती थोडेसे उरे, काही उरत नसे किंवा उलट कर्जच निघे. आपल्याकडील सावकाराची खतावणी ज्यांनी ऐकली-वाचली आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

४/
त्यातच लागोपाठ आघात झाले. १९२७ चा मिसिसिपीचा महापूर, १९३०-३१ चा भीषण दुष्काळ आणि या दोहोंच्या मधोमध १९२९ ची आर्थिक कोसळण. पहिल्या महायुद्धानंतर काही काळ पौंडाला ३५ सेंटांच्या घरात गेलेला कापूस १९३१-३२ मध्ये पाच-सहा सेंटांवर आला. जुन्या गाठींनी गोदामे भरलेली होती. भाव पडला म्हणून शेतकरी अधिक पिकवी, आणि अधिक पिकले म्हणून भाव आणखी पडे.

५/
मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. १२ मे १९३३ रोजी त्यांनी ‘शेती समायोजन कायद्या’वर स्वाक्षरी केली. कल्पना अशी : शेतकऱ्याने पेरा कमी करावा आणि त्या बदल्यात सरकारने त्याला रोख रक्कम द्यावी. पुरवठा घटला की भाव चढेल. कुठवर चढावा, याचेही माप ठरले. १९०९ ते १९१४ या काळात शेतमालाचा भाव आणि शेतकऱ्याला विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूंचा भाव यांचे जे प्रमाण होते, ते पुन्हा साधायचे. अनुदानासाठीचा पैसा उभा करण्यासाठी कापसावर गिरणीत प्रक्रिया होताना पौंडामागे ४.२ सेंट कर बसवण्यात आला.

६/
परंतु कायदा झाला तेव्हा कापूस उगवून वर आला होता. म्हणून १९३३ च्या उन्हाळ्यात उभे पीक नांगरून टाकण्याचे ठरले. सुमारे दहा लाख करार झाले आणि एक कोटी एकरांहून अधिक कापूस मातीत गाडला गेला. सरीतील रोपांवर पाय न देण्याची सवय लावलेली खेचरे त्याच रोपांवरून चालायला तयार होईनात, अशी आठवण त्या काळापासून सांगितली जाते. त्याच वर्षी सुमारे साठ लाख डुकराची पिल्लेही सरकारने विकत घेऊन मारली. देशात लोक उपाशी आणि उघडे असताना हे घडत होते. तरीही हेतू काही अंशी साधला : कापूस दहा सेंटांच्या आसपास स्थिरावला.

७/
मळेवाल्यांना हायसे वाटले. प्रश्न उभा राहिला तो वाटणीचा. नांगरलेल्या पिकात निम्मा वाटा वाटेकऱ्याचा होता, म्हणजे भरपाईतही त्याचा हिस्सा होता. पैसा मात्र बहुधा मालकाच्या हातून येई. बऱ्याच मालकांनी वाटेकऱ्याचा हिस्सा जुन्या उधारीत वळता करून घेतला. किती उधारी होती, हे पुन्हा मालकाची वहीच सांगणार होती.

८/
१९३४-३५ साठी नवा करार आला. त्यात मालकाने आपल्या कापूसक्षेत्राचा ३५ ते ४५ टक्के भाग पडीक ठेवायचा होता. त्याबद्दल सरकार दोन रकमा देणार होते. पहिली, पडीक जमिनीचे ‘भाडे’ : तिच्या सरासरी उत्पन्नावर पौंडामागे साडेतीन सेंट. दुसरी, भाव-समतेची रक्कम : पौंडामागे एक सेंट. भाडे जमिनीचे, म्हणून ते मालकाला. समतेचा एक सेंट निम्मानिम्मा. म्हणजे एकूण साडेचार सेंटांपैकी चार सेंट मालकाला आणि अर्धा सेंट वाटेकऱ्याला. पीक निम्मेनिम्मे वाटण्याची रूढी होती. सरकारी पैसा आठास एक या प्रमाणात वाटला गेला.

९/
एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एक कुटुंब वीस एकर कापूस करते आणि एकरी दोनशे पौंड रुई निघते. आठ एकर पडीक राहिली, म्हणजे १,६०० पौंड कापूस कमी झाला. सरकारने दिले ७२ डॉलर. त्यांतले ६४ मालकाला, ८ वाटेकऱ्याला. ते आठ एकर पिकले असते, तर निम्म्या वाट्याने ८०० पौंड वाटेकऱ्याचे असते. दहा सेंटांच्या भावाने त्याचे ८० डॉलर झाले असते. उरलेल्या बारा एकरांना चढा भाव मिळाला हे खरे. पण ज्या कुटुंबाला वीस एकरांवर पोट भरता येत नव्हते, त्याला आता बारा एकरांवर भागवायचे होते.

१०/
याहून भयंकर गोष्ट करारात लिहिलेली नव्हती, ती त्याच्या गणितातच दडलेली होती. वाटेकरी ठेवला तर पिकाचा निम्मा हिस्सा आणि अर्धा सेंट द्यावा लागे. त्याला काढून तीच जमीन रोजंदारीवर कसली, तर सारे पीक आणि सारे अनुदान मालकाचे. शिवाय पेरा घटल्याने माणसे तशीही कमी लागणार होती. आणि अनुदानाच्या पैशातून ट्रॅक्टर घेता आला, तर आणखी कमी. वाटेकरी आता केवळ अनावश्यक नव्हता, तर त्याला ठेवणे तोट्याचे ठरू लागले होते.

११/
वॉशिंग्टनमधील अधिकाऱ्यांना याची कल्पनाच नव्हती असे नाही. कराराच्या सातव्या कलमात मालकावर बंधन घातलेले होते : शक्य तितक्या प्रमाणात कुळांची नेहमीची संख्या कायम राखावी आणि दोन वर्षे त्यांना घरात विनाभाडे राहू द्यावे, मात्र कोणी उपद्रवी ठरल्यास हे लागू नाही. ‘शक्य तितक्या प्रमाणात’ म्हणजे किती आणि ‘उपद्रवी’ म्हणजे कोण, हे ठरवायचे कोणी? तक्रार आली की ती चौकशीसाठी पुन्हा काउंटीकडे जाई. काउंटी समितीवर बसलेले असत तेथीलच मोठे मळेवाले. मतदानकर भरता येत नसल्याने बहुतांश वाटेकऱ्यांना मतही नव्हते.

१२/
पॉइन्सेट काउंटीत टायरोन्झाजवळ ‘फेअरव्ह्यू’ नावाचा मोठा मळा होता. त्याचे मालक हायरम नॉरक्रॉस हे सेंट लुईसहून आलेले. मळा व्यापारी शिस्तीने चालवावा, अशी त्यांची धारणा. १९३४ मध्ये त्यांनी अनेक वाटेकरी कुटुंबांना काढून टाकले. गावात एच. एल. मिचेल हे कपडे धुण्याचे दुकान चालवत. शेजारीच क्ले ईस्ट यांचा पेट्रोलपंप. ते त्या भागाचे कॉन्स्टेबलही होते. दोघेही समाजवादी विचारांचे, दोघेही गोरे. काढून टाकलेली माणसे त्यांच्या दारी येऊन बसू लागली. समाजवादी पक्षाचे नेते नॉर्मन थॉमस त्याच वर्षी टायरोन्झाला येऊन गेले होते. पक्षाची शाखा काढून येथे भागणार नाही, वाटेकऱ्यांची संघटनाच हवी, असा त्यांचा सल्ला होता.

१३/
त्यातून ती शाळेतली बैठक झाली. पहिलाच प्रश्न निघाला : गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची संघटना एक असावी की वेगवेगळी? जमलेल्यांत आयझॅक शॉ नावाचे एक वयस्क कृष्णवर्णीय होते. १९१९ मध्ये आर्कान्सातल्याच इलेन येथे कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांनी संघटना बांधली, तेव्हा झालेले हत्याकांड त्यांनी अनुभवले होते. एकट्याने लढणाऱ्यांचे काय होते हे त्यांना ठाऊक होते. एकत्र राहण्याच्या बाजूने त्यांनी सांगितलेला हा अनुभव सर्वांना पटला. ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ ही मिश्र संघटना जन्माला आली. पुढे ई. बी. मॅकिनी हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक तिचे उपाध्यक्ष झाले.

१४/
संघटनेने पहिला मार्ग धरला तो न्यायालयाचा. मार्क्ड ट्री येथील वकील सी. टी. कार्पेंटर यांनी सातव्या कलमाच्या आधारे नॉरक्रॉस यांच्याविरुद्ध दावा लढवला. आर्कान्साच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. करार सरकार आणि मालक यांच्यातला. ज्याच्या रक्षणासाठी सातवे कलम लिहिले, तो वाटेकरी त्या कराराचा पक्षकारच नव्हता.

१५/
दुसरी लढाई वॉशिंग्टनमध्ये झाली. कृषी खात्याने मेरी कॉनर मायर्स या वकील महिलेस जानेवारी १९३५ मध्ये आर्कान्साला पाठवले. त्यांनी वाटेकऱ्यांच्या भेटी घेतल्या, जबान्या नोंदवल्या. त्यांचा अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नाही. दरम्यान, जेरोम फ्रँक यांच्या हाताखालील विधी विभागाने सातव्या कलमाचा नवा अर्थ लावला. ‘संख्या कायम राखणे’ म्हणजे तीच माणसे ठेवणे. एकाला काढून दुसरा आणून बसवणे नव्हे. हा मसुदा तयार करणाऱ्यांत अॅल्जर हिस हे तरुण वकील होते.

१६/
हा आदेश निघाला तेव्हा योजनेचे प्रमुख चेस्टर डेव्हिस दौऱ्यावर होते. परतताच त्यांनी तो रद्द केला आणि कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्यापुढे पेच टाकला. ५ फेब्रुवारी १९३५ रोजी फ्रँक आणि त्यांचे काही सहकारी यांना सेवेतून काढण्यात आले. वॉलेस मनाने सुधारणावादी होते, तरी त्यांनी डेव्हिस यांची बाजू घेतली. यामागचे राजकारण उघड होते. सिनेटमधील बहुमताचे नेते जोसेफ रॉबिन्सन स्वतः आर्कान्साचे होते, आणि दक्षिणेच्या मतांवाचून रूझवेल्ट यांचा एकही कायदा पुढे सरकत नव्हता.

१७/
आता मळेवाल्यांना धीर आला. १९३५ च्या पूर्वार्धात संघटनेच्या सभा उधळल्या गेल्या, कार्यकर्त्यांना अटका झाल्या. कार्पेंटर यांच्या घरावर गोळ्या झाडण्यात आल्या. शेजारच्या मिसिसिपी काउंटीत बर्डसाँग येथे नॉर्मन थॉमस बोलायला उभे राहिले, तर सशस्त्र जमावाने त्यांना व्यासपीठावरून खाली ओढले आणि काउंटीबाहेर घालवले. संघटनेला आपले कार्यालय नदीपलीकडे, टेनेसी राज्यातील मेम्फिसला हलवावे लागले.

१८/
तरीही त्याच वर्षीच्या वेचणीच्या हंगामात संघटनेने संप केला. मागणी होती शंभर पौंड वेचणीला एक डॉलर. रात्रीच्या अंधारात खेडोपाडी हस्तपत्रके टाकली गेली आणि सकाळी शेते ओस पडली. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. माणसे फक्त घराबाहेर पडली नाहीत. डॉलर मिळाला नाही, पण बऱ्याच ठिकाणी मजुरी ७५ सेंटांपर्यंत गेली. बोंडे फुटली की वेचणी थांबवता येत नाही, ही कापसाची दुबळी जागा मजुराने आपल्या बाजूने वापरली.

१९/
६ जानेवारी १९३६ रोजी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध बटलर’ या खटल्यात प्रक्रिया-कर आणि त्यावर उभी असलेली करारपद्धती सहा विरुद्ध तीन मतांनी घटनाबाह्य ठरवली. काही आठवड्यांतच सरकारने मृद्संधारणाच्या नावाखाली अनुदानाची नवी वाट काढली. १९३८ मध्ये दुसरा शेती समायोजन कायदा आला आणि अमेरिकी पीक-अनुदानाचा तो कायमचा पाया ठरला. या फेरबदलांत वाटेकऱ्याचा हिस्सा वाढला आणि त्याची रक्कम थेट त्याच्या नावे देण्याची तजवीजही झाली. संघटनेची मागणी कागदावर मान्य झाली होती.

२०/
येथेच या इतिहासातला सर्वांत कडवट भाग येतो. वाटेकऱ्याचा हिस्सा जितका वाढला, तितके त्याला काढून टाकण्याचे कारण बळावले. रोजंदारी मजुराला अनुदान द्यावे लागत नव्हते. म्हणून अनेक मळ्यांवर वाटेकऱ्याला मजूर म्हणून राहा किंवा घर सोड, असे सांगण्यात आले. जानेवारी १९३९ मध्ये लगतच्या मिसूरी राज्यात बेघर झालेली हजाराहून अधिक माणसे ऐन थंडीत महामार्गांच्या कडेला चुली मांडून बसली. त्यांचे नेते होते ओवेन व्हिटफिल्ड, स्वतः वाटेकरी आणि धर्मोपदेशक. जाणाऱ्या-येणाऱ्या साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले.

२१/
जनगणनेचे आकडे पुरेसे बोलके आहेत. १९३० मध्ये दक्षिणेत सुमारे ७ लाख ७६ हजार वाटेकरी होते. १९४० मध्ये सुमारे ५ लाख ४१ हजार. हे सारे अनुदानामुळेच घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंदी होती, यंत्रे येत होती, शहरे बोलावत होती. अनुदानाने हजारो लहान जमीनधारकांची शेते लिलावापासून वाचवली, हेही तितकेच खरे. सरकारने विस्थापितांसाठी वसाहतीही उभारल्या. आर्कान्सातल्याच डायेस वसाहतीत १९३५ मध्ये आलेल्या एका कुटुंबातला मुलगा पुढे जॉनी कॅश या नावाने गायक म्हणून जगप्रसिद्ध झाला. मात्र ती वसाहत केवळ गोऱ्यांसाठी होती.

२२/
पुढच्या दशकांत वाटेकरी पद्धत लोपली, अनुदान उरले. जमिनीच्या आणि उत्पादनाच्या प्रमाणात पैसा देण्याचे मूळ सूत्र कायम राहिल्याने मोठ्या शेताला मोठा धनादेश मिळत राहिला. १९७० मध्ये दर व्यक्तीस प्रत्येक पिकामागे ५५,००० डॉलरची मर्यादा आली, तेव्हा मळ्यांनी कागदोपत्री भागीदार वाढवून तिला बगल दिली. कृषी खात्याने कर्ज देताना वर्णभेद केला, म्हणून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी लढलेल्या ‘पिगफर्ड’ खटल्यात १९९९ मध्ये तडजोड झाली. त्या तक्रारींचा रोखही बऱ्याच अंशी काउंटी पातळीवर घेतल्या जाणाऱ्या निर्णयांवरच होता. पॉइन्सेट काउंटीत आज भात आणि सोयाबीनची अवाढव्य शेते आहेत, माणसे मात्र तुरळक.

२३/
हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-किसान’ योजनेचे वार्षिक ६,००० रुपये आणि महाराष्ट्राने २०२३ पासून त्यात घातलेली ‘नमो शेतकरी’ची तितकीच भर, हे दोन्ही पैसे जमीन ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतात. विदर्भ-मराठवाड्यात बटाईने किंवा ठोक्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. बहुतेक व्यवहार तोंडीच होतो, कारण लिहून दिले तर कुळाचा हक्क लागेल ही मालकाची धास्ती. कुळाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यामुळेच आजचे कूळ कागदावरून पुसले जाते. सातव्या कलमाची गतही याहून फार निराळी नव्हती.

२४/
टायरोन्झात मिचेल यांचे दुकान आणि ईस्ट यांचा पेट्रोलपंप असलेली इमारत आजही उभी आहे. २००६ पासून तेथे ‘सदर्न टेनंट फार्मर्स’ संग्रहालय आहे. अनुदानाचा कायदा लिहिणाऱ्यांनी कापसाचा भाव, पेरा, साठा, कर या साऱ्यांचा बारकाईने हिशेब केला होता. ‘शेतकरी’ म्हणजे ज्याची जमीन तो की जो ती कसतो तो, एवढा एकच प्रश्न त्यांनी काउंटीवर सोपवला. १९३४ च्या त्या सायंकाळी अठरा माणसे शाळेत जमली, ती याच प्रश्नाचे उत्तर मागायला.